शाळेचे खाडे कसे थांबवावेत

‘दप्तर रात्रीच भरून ठेवा, शाळेची गोडी लावा, मुलांशी संवाद साधा.’ असे सल्ले देणाऱ्यांच्या घरी सकाळी साडेसहाला कुणी पोट धरून पलंगाच्या कडेला बसलेलं नसावं. दप्तर भरलेलं असतं, डबा तयार असतो, पण मूल जागचं हलत नाही. या लेखात मुख्यतः त्या सकाळीबद्दल लिहिणार आहे, बाकीचं भराभर उरकते.

मी वर्गशिक्षिका आहे. रोज पहिल्या तासाला कॅटलॉग उघडून दुसऱ्यांच्या मुलांचे खाडे मोजायचं काम वर्षानुवर्षं केलं. स्वतःचा मुलगा पाचवीत असताना त्याचे खाडे माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांपेक्षा जास्त झाले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. तेव्हा उपदेश करायचा अधिकार मला तसा कमीच.

पहिली पायरी: दिवस मोजा, टक्के नकोत

‘92 टक्के हजेरी’ म्हटलं की परीक्षेतल्या गुणांसारखं कानाला गोड लागतं. तेच ‘200 पैकी 16 दिवस घरी’ म्हटलं की नाही लागत. म्हणून दिवस मोजा.

सततची गैरहजेरी ठरवताना अनेक देशांत शाळेच्या एकूण दिवसांपैकी 10 टक्के ही रेषा धरतात. वर्षाला 200 दिवस शाळा भरत असेल तर 20 दिवस, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. या मोजणीत कारण विचारत नाहीत. ताप, लग्न, सहल, दांडी, सगळं एकाच रकान्यात. ‘पण आम्ही प्रत्येक वेळी अर्ज दिलाय’ हे वाक्य मी दर पालकसभेत ऐकते. अर्जानं ठपका टळतो, बुडालेला अपूर्णांकांचा धडा काही परत येत नाही.

दुसरा घोटाळा 75 टक्क्यांचा. परीक्षेला बसू देण्यासाठी अनेक ठिकाणी तेवढी हजेरी लागते आणि पालक त्यालाच ध्येय समजतात. हिशेब करा: 200 दिवसांत 75 टक्के म्हणजे 50 दिवस घरी, दर चौथा दिवस. ती रेषा परीक्षेच्या दारातली आहे, शिकण्याची नव्हे.

आपल्याला आकडा तोंडपाठ आहे असं वाटत असेल तर ते सोडून द्या. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या पालकांवर एक मोठा प्रयोग झाला, तो 2018 साली प्रसिद्ध झाला. पालक आपल्याच मुलाचे खाडे कमी धरतात, आणि खरा आकडा नुसता पत्रानं घरी कळवला तरी सततची गैरहजेरी दहा टक्क्यांहून जास्त घटते, असं त्यात दिसलं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक खाड्याला लाल गोल करा. तारखेपेक्षा वार महत्त्वाचा आहे. का, ते चौथ्या पायरीत कळेल.

दुसरी पायरी: शाळेचा नियम विचारून घ्या

तीनच प्रश्न: किती वाजेपर्यंत कळवायचं, किती दिवसांनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि उशीर किती झाला की अर्धा दिवस धरतात. उत्तरं लिहून ठेवा. आणि एक लक्षात घ्या, शिक्षण सक्तीचं असलेल्या बहुतेक देशांत मुलाला शाळेत पाठवण्याची जबाबदारी कायद्यानं पालकावर असते. ‘आता मोठा झालाय, त्याचं तो बघेल’ हे तिथे चालत नाही.

तिसरी पायरी: आजारपणाची रेषा आदल्या रात्री आखा

सकाळी घाईत ठरवलं की आपण हमखास विरघळतो. सर्वसाधारण नियम असे: ताप असेल तर घरी, आणि औषधाशिवाय 24 तास ताप नसेल तेव्हाच शाळा. उलट्या-जुलाब थांबल्यावर 48 तास घरी. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. साधी सर्दी, वाहतं नाक: शाळा. केसात उवा: शाळा, उपचार घरी.

चौथी पायरी: ताप नाही, पण पोटात दुखतंय

इथेच मी फसले होते.

लेक पलंगावर बसलेला, एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात. ‘आई, दुखतंय गं.’ कपाळ गार. मी त्याला झोपवलं, पांघरूण घातलं, स्वतः रजा टाकली. शाळा भरायची वेळ टळली आणि पंधरा मिनिटांत साहेब उठून टीव्हीसमोर. मला राग आला, नाटक वाटलं. ते नाटक नव्हतं, हे आधी सांगते. भीतीनं पोट खरंच दुखतं, मळमळतं, डोकं धरतं. भीतीचं कारण टळलं की दुखणंही थांबतं. म्हणून ‘खोटं बोलतोस’ असं कधीही म्हणू नका. पण दुखतंय हे खरं मानलं की घरी ठेवलंच पाहिजे, असंही नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करायला मला अकरा खाडे लागले.

एकदा डॉक्टरांना नीट दाखवा. रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, वजन घटणं, सुट्टीच्या दिवशीही तसंच दुखणं असेल तर तो दुखण्याचाच प्रश्न आहे, शाळेचा नव्हे. डॉक्टरांनी काही नाही म्हटलं की रोज सकाळी नव्यानं तपासणी करत बसू नका.

मग कॅलेंडर घेऊन बसा. माझ्या लाल गोलांपैकी बहुतेक बुधवारी होते. वेळापत्रक पाहिलं तर बुधवारी दुसऱ्या तासाला धड्याचं प्रकट वाचन. एकदा तो एका जोडाक्षराशी अडखळला होता आणि वर्ग हसला होता. बस, एवढंच. तीन महिने मी ‘शाळा का आवडत नाही?’ विचारत होते आणि तो ‘आवडते की’ म्हणत होता. खरंच आवडत होती, बुधवारचा दुसरा तास सोडून.

शाळा टाळण्यावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर कीअर्नी आणि वेंडी सिल्व्हरमन यांनी अशा टाळण्यामागचे चार हेतू मांडले आहेत. शाळेतल्या एखाद्या गोष्टीनं जीव घाबरा होतो, ती टाळायची. चारचौघांत बोलायचा किंवा परीक्षेचा प्रसंग चुकवायचा. आईबाबा जवळ हवेत. किंवा घरी जास्त मजा आहे. हेतू न ओळखता उपाय केला की तो उलटतो. चौथ्या हेतूच्या मुलाला लाड केले की खाडे वाढतात, पहिल्या हेतूच्या मुलाला शिक्षा केली की भीती वाढते. आणि मारहाण किंवा छळ होत असेल तर आधी शाळेत जाऊन तो थांबवा. तिथे ‘हिमतीनं घे’ म्हणून मुलाला एकटं ढकलणं हा गुन्हाच.

कारण विचारायचं ते संध्याकाळी, हाताला काहीतरी काम असताना. शेंगा सोलताना मूल बोलतं, समोरासमोर बसवलं की गप्प होतं. सकाळी चर्चा नाही. सकाळी एकच वाक्य: ‘दुखतंय ना, कळतंय मला. तरी जायचंय.’ तिसऱ्यांदाही तेच, त्याच आवाजात. ‘मग संध्याकाळी आइस्क्रीम’ असा सौदा करू नका, उद्या भाव वाढतो. रडण्यात अर्धा तास गेला तर उशिरा पाठवा. दुसऱ्या तासाला पोहोचलेलं मूल शाळेत असतं. ‘आता उशीर झालाच आहे, राहू दे’ या वाक्यानं माझे निदान चार खाडे झाले.

घरी ठेवावंच लागलं तर तो दिवस आजाऱ्याचाच असू द्या: अंथरूण, पुस्तक, पथ्याचं जेवण. शाळा सुटायच्या वेळेपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद, खेळायला जाणंही नाही. ही शिक्षा नाही हे शांतपणे सांगा. माझ्या सासूबाईंना हा नियम दुष्टपणाचा वाटला, दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

आणि ‘आज आराम करू दे, उद्या जाईल आपोआप’ हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. उद्याचं जाणं आजच्यापेक्षा अवघड होतं, कारण आता कालचा गृहपाठही राहिलेला असतो आणि मित्र ‘काल का नव्हतास?’ विचारणार असतात.

आमचं कसं सुटलं? वर्गशिक्षकांना भेटले, तक्रारीच्या सुरात नाही. पुढच्या बुधवारी कोणता उतारा त्याच्या वाट्याला येणार ते मंगळवारी सांगाल का, एवढंच विचारलं. ते हो म्हणाले. मंगळवारी रात्री तो उतारा आमच्या घरात इतक्यांदा वाचला गेला की मला अजून पाठ आहे. पहिल्या बुधवारी पोट दुखलंच, पण तो गेला. पाचव्या-सहाव्या बुधवारी दुखायचं थांबलं.

पाचवी पायरी: खाडे आठवड्यांवर गेले असतील तर

एकदम पूर्ण दिवस ढकलू नका. शाळेशी बोलून टप्पे ठरवा: पहिल्या दिवशी आवडीचा एक तास, मग दोन, मग मधल्या सुट्टीपर्यंत. टप्पा लहान असला तरी तो रोज व्हायला हवा. दोन आठवड्यांत काहीच हललं नाही तर समुपदेशकाकडे जा, वर्ष संपायची वाट पाहू नका.

उरलेलं

झोप: 6 ते 12 वयाला 9 ते 12 तास, त्यापुढच्या किशोरांना 8 ते 10. प्रवास आणि दाताचे डॉक्टर सुट्टीच्या दिवशी. खाडा झालाच तर मित्राकडून त्या दिवसाचा अभ्यास त्याच संध्याकाळी.

पूर्ण हजेरीच्या प्रशस्तिपत्रकामागे लागू नका. अमेरिकेतल्या एका प्रयोगात आधी न सांगता अशी बक्षिसं दिली, तर नंतर त्याच मुलांची हजेरी किंचित घसरली. आणि तापातही मूल शाळेत पाठवणाऱ्या पालकांमुळे माझ्या वर्गातले आणखी चार खाडे पडतात, ते कॅटलॉगमध्ये मलाच लिहावे लागतात.

कॅलेंडरचं पान उलटताना गेल्या महिन्याचे लाल गोल मोजून नव्या पानाच्या कोपऱ्यात आकडा लिहा. दोनच्या वर गेला असेल तर त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा. जाताना कॅलेंडर सोबत न्या.