सोसायटीचा ग्रुप आणि गुगलचा नकाशा: ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या व्यवसायाने गिऱ्हाईक कसं जोडावं

घोडबंदर रोडला राहणारा माणूस एसी दुरुस्तीसाठी ठाणे स्टेशनपर्यंत शोधत जात नाही. नेरुळमधलं कुटुंब पोळीभाजी वाशीहून मागवत नाही. दोघंही आधी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारतात, ‘कुणाकडे चांगल्या एसीवाल्याचा नंबर आहे का?’ कुणीतरी नाव सुचवतं. मग ते नाव गुगलवर टाकून पाहिलं जातं: दुकान खरोखर आहे का, लोक काय म्हणतात, आत्ता उघडं आहे का. म्हणजे नाव तोंडी फिरायला हवं आणि शोधल्यावर सापडायलाही हवं. यातलं एकच असेल तर गिऱ्हाईक मध्येच गळतं. वेबसाइट, इन्स्टाग्राम आणि पैसे देऊन केलेली जाहिरात हे सगळं त्यानंतरचं.

नाव, पत्ता, फोन: आधी कागदावर

मोबाइल हातात घेण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा: व्यवसायाचं नाव, पूर्ण पत्ता, एक फोन नंबर. पाटी, बिलबुक, गुमास्ता (दुकाने कायद्याखालची पावती किंवा दाखला), वीजबिल, क्यूआर कोडवर दिसणारं नाव, सगळीकडे हेच हवं. पाटीवर ‘श्रद्धा गृहउद्योग’, गुमास्त्यावर ‘श्रद्धा एंटरप्रायझेस’ आणि क्यूआरवर मालकिणीचं माहेरचं नाव, ही अवस्था सर्रास दिसते. रोजच्या धंद्यात त्यामुळे काही अडत नाही, पण गुगलने पुरावा मागितला की सगळं तिथेच अडकतं.

कामगार कायद्यातल्या मर्यादेपेक्षा कमी असतील तर २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार नोंदणीची गरज नाही, ऑनलाइन सूचना देऊन मिळणारी पावती पुरते. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे मोजायचं कारण नाही. पाटीवर मराठी देवनागरीत हवी आणि तिची अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. पाटी पुढे गुगलच्या पडताळणीत दाखवावी लागतेच, तेव्हा ती आधीच नीट करून घ्या.

पत्त्याची खरी गंमत नवी मुंबईत आहे. सेक्टर ८ वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे, बेलापूरमध्ये आहे आणि ऐरोलीतही आहे. नुसतं ‘शॉप नं. ४, सेक्टर ८, नवी मुंबई’ लिहिलं की नकाशा स्वतःच्या मनाने एक सेक्टर निवडतो. म्हणून क्रम असा ठेवा: दुकान क्रमांक, इमारतीचं नाव, प्लॉट क्रमांक, सेक्टर, मग नोडचं (वाशी, नेरुळ अशा उपनगराचं) नाव, आणि पिनकोड (वाशीचा ४००७०३, बेलापूरचा ४००६१४). ठाण्यात पूर्व-पश्चिम लिहायला विसरू नका. कोपरीतलं दुकान नौपाड्यात दाखवलं गेलं तर माणूस रुळांच्या भलत्या बाजूला उतरतो.

प्रोफाइल काढताना

गुगलच्या शोधात आणि नकाशावर तुमच्या दुकानाचं जे पान दिसतं ते गुगल बिझनेस प्रोफाइल. ते काढण्यासाठी एक जीमेल खातं फक्त व्यवसायासाठी उघडा आणि त्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा. भाच्याच्या किंवा एजन्सीच्या खात्यातून प्रोफाइल काढू नका. मूळ मालक तुम्हीच राहा, मदत करणाऱ्याला ‘मॅनेजर’ म्हणून जोडा. दुसऱ्याने आधीच तुमच्या दुकानाचं प्रोफाइल ताब्यात घेतलं असेल तर तिथूनच मालकी मागता येते; सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात.

नाव पाटीवर आहे तेवढंच लिहा. ‘साई एसी सर्व्हिस – ठाण्यातील सर्वोत्तम एसी रिपेअर’ असं लिहिल्याने थोडे दिवस वर दिसाल, पण हे नियमाविरुद्ध आहे आणि स्पर्धकाने तक्रार केली की प्रोफाइल थेट निलंबित होऊ शकतं. शब्द भरायचेच असतील तर वर्णनात भरा. तिथे ७५० अक्षरं मिळतात. पहिल्या दोन ओळीत काय करता आणि कुठल्या भागात करता ते सांगा, कारण बाकीचं सहसा दुमडलेलं असतं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहा.

सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं ते प्रवर्गाकडे (कॅटेगरी, म्हणजे व्यवसायाचा प्रकार), आणि शोधात सर्वाधिक फरक तोच पाडतो. मुख्य प्रवर्ग एकच असतो, त्याशिवाय आणखी नऊ जोडता येतात. पोळीभाजी केंद्राने ‘रेस्टॉरंट’ निवडलं तर बसून जेवायला जागा शोधणारे फोन करतील आणि वैतागतील. अशांनी घरपोच जेवण किंवा टिफिन यांच्या जवळचा प्रवर्ग मुख्य ठेवावा. दहाच्या दहा जागा भरायच्या मागे लागू नका. जे काम खरोखर करता तेवढेच घ्या.

घरून काम करणाऱ्या प्लंबर, एसी मेकॅनिक, शिकवणीवाले यांनी पत्ता लपवावा आणि त्याऐवजी सेवेचा भाग निवडावा. असे वीसपर्यंत भाग देता येतात. कळव्यात राहून घोडबंदरला जाणारा मेकॅनिक कापूरबावडी, मानपाडा, कोलशेत, कासारवडवली अशी नावं देऊ शकतो. मात्र वीस भाग लिहिले म्हणून वीसही ठिकाणी वर दिसाल असं नाही. गुगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि लौकिक. अंतर तुमच्या हातात नाही. उरलेल्या दोन आहेत.

नकाशावरची दुकानाची खूण, म्हणजे पिन, स्वतः सरकवा. पत्ता टाइप केला की ती बऱ्याचदा इमारतीच्या मधोमध पडते, आणि दुकान मागच्या गल्लीकडे तोंड करून असतं. घोडबंदर रोडवर तर पिन पलीकडच्या सर्व्हिस रोडवर पडली की गिऱ्हाईकाला पुढचा यू-टर्न शोधावा लागतो. ते परत यायच्या ऐवजी फोन करून शिव्या घालतं. पिन बदलल्यावर दुसऱ्याच्या मोबाइलवरून ‘दिशा’ दाबून पाहा, बाण शटरसमोर थांबतो का.

व्हिडिओ पडताळणी

दुकान खरं आणि तुमचंच आहे याची गुगल खात्री करून घेतं, तीच पडताळणी. त्यासाठी पोस्टाने कार्ड येण्याचे दिवस बहुतेक संपले, आता बव्हंशी व्हिडिओ मागतात. तो एकसंध हवा, कापाकापी नाही, किमान तीस सेकंदांचा, आणि प्रोफाइलमधूनच चित्रित केलेला. तीन गोष्टी दिसायला हव्यात. पहिली, जागा: रस्त्याची पाटी, शेजारची दुकानं, इमारतीचं नाव. दुसरी, व्यवसाय: तुमची पाटी, आतला माल, यंत्रं. तिसरी, ताबा तुमचाच असल्याचं: किल्लीने शटर उघडताना, गल्ला किंवा बिलिंगचं यंत्र चालवताना.

आधी एकदा मोबाइल बंद ठेवून चालून पाहा. रस्त्यापासून सुरुवात, पाटीवर तीन-चार सेकंद थांबा, शटर उघडा, आत जा, गुमास्त्याची पावती दाखवा. लोकांचे चेहरे, आधार, बँकेचा तपशील टाळा. घरून काम करणाऱ्यांनी हत्यारांची पेटी, नावाची गाडी किंवा बिलबुक आणि दाराचं कुलूप उघडताना दाखवावं. बेसमेंटमध्ये किंवा स्टेशन संकुलाच्या आतल्या दुकानात नेटवर्क दगा देतं आणि व्हिडिओ चढतच नाही. अशा ठिकाणी शेवटचं ‘पाठवा’ दाबण्याआधी वायफाय जोडून घ्या. निकाल यायला पाच कामाचे दिवस लागू शकतात. त्या काळात नाव-पत्त्यात बदल करू नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

प्रोफाइल निलंबित झालं तर नवं काढायची घाई सगळ्यात वाईट. अपील करा. पुरावे जोडायची खिडकी उघडली की साठ मिनिटं मिळतात, म्हणून गुमास्ता, उद्यम प्रमाणपत्र, वीजबिल यांचे स्वच्छ फोटो आधीच एका फोल्डरमध्ये ठेवा. सुरुवातीचा तो कागद आणि तीन ओळी आठवतात ना? इथे कागदपत्रांवरचं नाव आणि पाटीवरचं नाव जुळलं नाही की अपील फेटाळलं जातं.

आणि ‘गुगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर लिस्टिंग बंद होईल’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. प्रोफाइल फुकट आहे आणि फुकटच राहतं.

अभिप्राय मागायची वेळ

एसी थंड झाला आणि गिऱ्हाईकाने पैसे देताना ‘मस्त झालं’ म्हटलं, तोच क्षण. रात्री मेसेज पाठवला तर चारातला एकही उघडत नाही. प्रोफाइलमधून अभिप्रायाची लिंक आणि क्यूआर मिळतो. तो छापून बिलबुकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवा. दुकानदाराने तो गल्ल्याजवळ ठेवावा, पण पैसे घ्यायच्या क्यूआरपासून हातभर लांब, नाहीतर लोक चुकीचा स्कॅन करतात. ‘पाच तारे द्या’ म्हणू नका. ‘काय काम केलं ते दोन ओळीत लिहा’ म्हणा. ‘मानपाड्याला दीड टनाच्या स्प्लिट एसीची गॅस गळती दुरुस्त केली’ असा एक अभिप्राय ‘नाइस सर्व्हिस’च्या दहांपेक्षा कामाचा, कारण वाचणाऱ्याला त्यात स्वतःची अडचण दिसते.

अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणं गुगलच्या नियमात बसत नाही. नातेवाइकांकडून एका संध्याकाळी वीस लिहून घेतले तर तेही बरेचदा गाळले जातात. वाईट अभिप्रायाला उत्तर द्या, पण भांडू नका: ‘नमस्कार. त्या दिवशी डबा पाऊण तास उशिरा पोहोचला, ही चूक आमची. आता दुपारचे डबे साडेअकराला निघतात. कृपया दुकानाच्या नंबरवर फोन करा, त्या दिवसाचे पैसे परत करू.’ हे उत्तर त्या एका माणसासाठी नसतं. पुढे येणारे ते वाचतात.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस

वेगळा नंबर घ्या. लँडलाइनही चालतो, पडताळणी फोनवरून होते. वेळ, पत्ता, नकाशाची लिंक भरा. कॅटलॉगमध्ये पाचशे वस्तू मावतात, पण आठ-दहा पुरतात, आणि प्रत्येकीवर किंमत हवी. ‘भाव विचारा’ लिहिलं की बरेच जण पुढे जातात. पक्की किंमत सांगता येत नसेल तर ‘पासून’ लिहा आणि त्यात काय धरलेलं नाही तेही सांगा: ‘स्प्लिट एसी सर्व्हिसिंग, गॅस आणि सुटे भाग वेगळे’.

झटपट उत्तरं तयार ठेवा: दरपत्रक, पत्ता, पैसे भरायची माहिती. लेबलं चार ठेवा: नवी चौकशी, काम ठरलं, पैसे बाकी, जुनं गिऱ्हाईक. चारापेक्षा जास्त केली की लावायचाच कंटाळा येतो.

ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोहोचतो. ‘मेसेज जातच नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. काम संपल्यावर समोरच नंबर सेव्ह करायला सांगा. महिन्याला दोन संदेश बास. न विचारता कुणाला ग्रुपमध्ये कोंबू नका. असा ग्रुप सोडणारा माणूस नंबरही ब्लॉक करून जातो.

शेजारपाजार

तुमच्या कामाच्या आधी आणि नंतर कोण येतं ते लिहून काढा. एसीवाल्याच्या आधी इलेक्ट्रिशियन येतो, घरसामान हलवणारा हमाल-टेम्पोवाला येतो आणि त्याच्याही आधी इस्टेट एजंट. भाड्याची घरं बहुतेक अकरा महिन्यांच्या कराराची, त्यामुळे एजंटकडे नवे भाडेकरू सतत येत असतात आणि त्यांना पहिल्या आठवड्यात प्लंबर, डबा, वायफाय, मोलकरीण सगळंच हवं असतं. असे पाच जण गाठा. त्यांना कमिशन देण्यापेक्षा त्यांचं नाव तुम्ही पुढे करा, ते जास्त टिकतं. पाठवलेल्या गिऱ्हाईकाचं काय झालं हे त्याच दिवशी कळवा. हे एक कळवणं राहिलं की दुसरं नाव येत नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर स्वतःची जाहिरात स्वतः टाकू नका, सभासद तुटून पडतात. तिथे राहणाऱ्या खूश गिऱ्हाईकाला तुमचं कार्ड फॉरवर्ड करायला सांगा. स्टॉल लावायचा असेल तर सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या: तारीख, वेळ, टेबल किती, वीज लागणार का, कचरा कोण उचलणार. रविवारी सकाळी नऊ ते एक ही वेळ बरी. भाडं घेतलं तर सोसायटीच्या नावे पावती मागा. खाद्यपदार्थ असतील तर पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी क्रमांक असू द्या, कमिटीतला कुणीतरी तो बघतोच.

हंगामाच्या आधी हालचाल करा. एसीवाल्याने फेब्रुवारीच्या मध्यात, फराळवाल्यांनी घटस्थापनेच्या सुमारास. दिवाळीच्या आठवड्यात पत्रक वाटून उपयोग नाही, तोवर ऑर्डर दिलेली असते. गणपती, दिवाळीचे बदललेले वेळ प्रोफाइलमध्ये ‘विशेष वेळ’ म्हणून भरा. बंद शटरसमोर उभा राहिलेला माणूस तिथूनच एक तारा देतो.

वागळे इस्टेट किंवा टीटीसीत (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात) कारखाना असेल तर सोसायट्यांऐवजी ठाणे लघुउद्योग संघटना किंवा ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन अशा ठिकाणी ओळखी वाढवा, आणि प्रोफाइलवर यंत्रांची क्षमता लिहा: किती मिलिमीटरपर्यंत कापता, कमीत कमी किती नग घेता. साप्ताहिक बैठकांच्या रेफरल क्लबमध्ये (सभासद एकमेकांना गिऱ्हाइकं सुचवतात) एका धंद्याला सहसा एकच जागा असते आणि वर्षाची फी बरीच. पाहुणे म्हणून एक बैठक बघून, तिथल्यांची गिऱ्हाइकं तुमच्या भागातली आहेत का ते तपासूनच पैसे भरा.

वेबसाइट केलीच तर डोमेन (वेबसाइटचा पत्ता) स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या. बनवणाऱ्याच्या नावावर राहिलं की तो फोन उचलेनासा झाल्यावर पत्ताही जातो आणि त्यावरचा ईमेलही.

गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाईकाला विचारा, ‘आमचं नाव कुठून कळलं?’ गुगल, सोसायटी, शेजारचा दुकानदार, पत्रक, असे चार रकाने पुरे. महिनाअखेरीस हे आकडे प्रोफाइलमधल्या कॉल आणि ‘दिशा’च्या आकड्यांशेजारी ठेवा. कॉल भरपूर आणि कामं कमी असतील तर दोष गुगलचा नसतो: फोन कोण उचलतं, कितव्या रिंगला उचलतं आणि भाव विचारल्यावर काय सांगतं, ते आधी तपासा.