मोठ्या बॅटरीची काळजी आणि बाकी सगळ्याचा विसर: इलेक्ट्रिक गाडीतल्या या चुका टाळा

इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या माणसाला पहिल्या वर्षी एकच धास्ती असते, ती म्हणजे बॅटरी खराब होईल. मग चार्जिंग किती टक्क्यांवर थांबवायचे, फास्ट चार्जर वापरायचा की नाही, उन्हात गाडी लावायची की नाही, यावर तासन्‌तास चर्चा होतात. ही काळजी रास्तच आहे, कारण गाडीतला सगळ्यात महाग भाग तोच. पण रस्त्यात गाडी अडते ती बहुधा दुसऱ्याच कशामुळे. छोटी बॅटरी उतरलेली असते, सॉकेट ढिले असते, अर्थिंग नसते, टायरमध्ये हवा कमी असते. मोठ्या बॅटरीवर लक्ष ठेवायला गाडीत स्वतंत्र यंत्रणा असते. या बाकीच्या गोष्टींवर मात्र आपल्यालाच लक्ष ठेवावे लागते.

छोटी बॅटरी विसरणे

गाडीत बॅटऱ्या दोन असतात, हे अनेकांना गाडी बंद पडल्यावर कळते. तळाशी असलेला मोठा पॅक मोटर फिरवतो. दारांची कुलुपे, स्क्रीन, संगणक, दिवे आणि अलार्म मात्र साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. गाडी उभी असताना सुरक्षिततेसाठी मोठा पॅक बाकीच्या वायरिंगपासून तोडलेला असतो. तो जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, ओढायला लागणारी वीज हीच छोटी बॅटरी देते. ती उतरली, तर मोठा पॅक ९० टक्के भरलेला असूनही गाडी जागची हलत नाही. कधी दारही उघडत नाही.

ही बॅटरी उतरते कशाने? गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली, डॅशकॅम थेट १२ व्होल्टच्या लाइनवर जोडला, किंवा मोबाइल ॲपवरून दिवसभर गाडीची स्थिती बघत राहिलात, तर. प्रत्येक वेळी ॲप उघडले की झोपलेले संगणक जागे होतात. बाहेरून बसवलेले ट्रॅकरही हेच करतात. बऱ्याच गाड्या मधूनमधून मोठ्या पॅकमधून छोटीला वीज पुरवतात, पण सगळ्याच तेवढ्या तत्परतेने पुरवत नाहीत.

लक्षणे ओळखता येतात. स्क्रीन उशिरा सुरू होते, एकमेकांशी संबंध नसलेल्या चारपाच सूचना एकदम झळकतात, कुलूप एकदा लागते तर एकदा लागत नाही. अशा वेळी मोठ्या दुरुस्तीच्या विचाराने घाबरण्याआधी छोट्या बॅटरीचा व्होल्टेज मोजून घ्या. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरलेली आणि विश्रांतीत असेल, तर मीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. १२ च्या खाली आकडा असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. तिचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे. तिसऱ्या वर्षापासून दर सर्व्हिसिंगला ती तपासायला सांगा.

आणखी दोन गोष्टी. किल्लीच्या रिमोटमध्ये लपवलेली लोखंडी किल्ली कुठे आहे आणि पुढचे बॉनेट वीज नसताना कसे उघडते, हे आजच मॅन्युअलमध्ये पाहून ठेवा. तसेच तुमच्या गाडीवरून दुसऱ्याची पेट्रोल किंवा डिझेल गाडी जंप स्टार्ट करू नका. स्टार्टर मोटर क्षणभर शेकडो अँपिअर ओढते, आणि तेवढा भार धरून इलेक्ट्रिक गाडीची १२ व्होल्टची व्यवस्था बांधलेली नसते. अनेक उत्पादक याला स्पष्ट मनाई करतात.

घरातले सॉकेट आणि अर्थिंग

माझ्या मते सगळ्यात गंभीर चुका इथे होतात, कारण इथे गाडीचे नाही, माणसाचे नुकसान होऊ शकते.

पाणी तापवायचा गीझर जास्त वीज ओढतो, पण पंधरावीस मिनिटेच. गाडी तीच वीज सलग आठदहा तास ओढते. सॉकेटमधली पट्टी थोडी ढिली असेल तर गीझरला ते जाणवत नाही. गाडीला मात्र रात्रभरात प्लॅस्टिक वितळेपर्यंत उष्णता साचते. एक्स्टेन्शन बोर्ड, अडॅप्टर, गुंडाळलेल्या अवस्थेत ठेवलेली लांब वायर, यांतले काहीही वापरू नका. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर चार्जिंग लगेच थांबवा. सॉकेटभोवती पिवळसर-तपकिरी डाग दिसला तर ते सॉकेट बदलल्याशिवाय पुन्हा वापरायचे नाही.

वायरमन येईपर्यंत निभावायचे असेल, तर गाडीच्या सेटिंगमध्ये जाऊन करंट कमी करा. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १६ अँपिअरवरून १० वर आलात, तर जोडावर निर्माण होणारी उष्णता जवळपास ४० टक्क्यांवर येते. चार्जिंगला वेळ लागेल, एवढेच. डाग पडलेल्या सॉकेटला मात्र ही सवलत नाही.

आता अर्थिंग. गाडीबरोबर मिळणारा पोर्टेबल चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर लाल दिवा दाखवून थांबतो. पुष्कळ जण याला चार्जरचा दोष समजतात. मग कोणीतरी जुगाड सुचवतो: प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाका, चार्जर चालू होईल. चालू होतोही. पण पुढे कधी न्यूट्रलची वायर तुटली, तर त्याच जोडातून गाडीच्या पत्र्यावर वीज उतरते, आणि ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने दाराला हात लावला की ती त्याच्या अंगातून जाते. असे कधीही, एका रात्रीपुरतेही करू नका. अर्थिंग नीट करून घ्या, गाडीसाठी स्वतंत्र लाइन ओढा आणि त्या लाइनवर गळती पकडणारे ब्रेकर बसवा. ब्रेकर निवडताना ते गाडीच्या चार्जिंगसाठी आहे, असे इलेक्ट्रिशियनला आवर्जून सांगा. गाडीच्या चार्जरमधून ६ मिलीअँपिअरपेक्षा जास्त डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची, गळती झाली, तर साध्या ब्रेकरला पुढची गळती नीट ओळखता येत नाही. त्यामुळे ही डीसी गळती पकडण्याची सोय चार्जरमध्ये तरी हवी किंवा ब्रेकरमध्ये तरी.

चार्जरवर लिहिलेला आकडा आणि गाडी घेते तो आकडा

२२ किलोवॅटच्या एसी चार्जरला गाडी लावली आणि स्क्रीनवर ७ च दिसले, की चार्जर बिघडल्याची तक्रार होते. घरातली एसी वीज बॅटरीला लागणाऱ्या डीसीत बदलणारा चार्जर गाडीतच असतो, आणि त्याची मर्यादा ७.४ किलोवॅट असेल तर बाहेर कितीही मोठा खांब उभा असला तरी गाडी तेवढीच घेणार. डीसी फास्ट चार्जर हा आतला चार्जर ओलांडून थेट पॅकला वीज देतो.

हा फरक बिघाड शोधताना फार उपयोगी पडतो. एका ठिकाणी फास्ट चार्जिंग झाले नाही, तर आधी दुसऱ्या चार्जरवर पाहा, शक्यतो वेगळ्या कंपनीच्या. दोन्हीकडे डीसी नाही पण घरी एसी व्यवस्थित, तर गाडीच्या डीसी बाजूला किंवा पॅकशी चालणाऱ्या संवादात काही तरी आहे. डीसी ठीक, पण एसी कुठेच होत नाही, तर संशय आतल्या चार्जरवर. इतके सांगितले तरी सर्व्हिस सेंटरचा अर्धा वेळ वाचतो.

फास्ट चार्जर पहिल्याच झटक्यात जोडला जात नाही, याचे कारण अनेकदा केबलचे वजन असते. जाड कनेक्टर खाली झुकतो आणि पिना नीट बसत नाहीत. कुलूप लागल्याचा आवाज येईपर्यंत हाताने तो वर धरून ठेवा. काढताना अडकला तर ओढाताण करू नका. आधी सेशन थांबवा, गाडी अनलॉक करा, कनेक्टर किंचित आत ढकलून मग ओढा. तरीही नाही निघाला तर बऱ्याच गाड्यांत हाताने कुलूप सोडवायची दोरी असते, तिची जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

८० टक्क्यांनंतर वेग पडतो हा बिघाड नव्हे. पॅक अनेक छोट्या सेलचा बनलेला असतो; सेल भरत आला की व्होल्टेजची मर्यादा गाठली जाते आणि करंट उतरवावाच लागतो. प्रवासात ८० पासून १०० पर्यंत वाट बघत बसण्यापेक्षा निघून पुढे पुन्हा थांबणे बहुतेक वेळा लवकर पोचवते. थंडीत वेग आणखी कमी असतो, कारण गार सेलमध्ये जोरात वीज भरली तर लिथियम धातूच्या रूपात ऋणाग्रावर साचतो आणि क्षमता कायमची जाते. म्हणून गाडी स्वतःच हात आखडता घेते. पॅक आधी गरम करण्याची सोय असेल, तर गाडीच्याच नेव्हिगेशनमध्ये चार्जर हे ठिकाण म्हणून टाका. मोबाइलचा नकाशा वापरलात तर गाडीला पुढे चार्जर आहे हे बहुधा कळतच नाही.

८० की १००?

याचे उत्तर सेलच्या रसायनावर अवलंबून आहे, आणि इथे एकाचा सल्ला दुसऱ्याने पाळल्यामुळे घोटाळा होतो. निकेल असलेल्या एनएमसी सेलना जास्त व्होल्टेज आणि उष्णता एकत्र सोसत नाही. रोजच्या वापराला ८० टक्के आणि लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी १००, हे त्यांना योग्य.

एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटच्या सेलचा व्होल्टेज चार्जिंगच्या बहुतांश पट्ट्यात जवळपास सारखाच, ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास राहतो. त्यामुळे व्होल्टेज पाहून किती टक्के उरले हे सांगणे गाडीला अवघड जाते. आत गेलेली आणि बाहेर आलेली वीज मोजून ती हिशेब ठेवते, आणि त्यात चूक साचत जाते. महिनोन्‌महिने कधीच १०० केले नाही, तर स्क्रीनवर १५ टक्के दिसत असताना गाडी अचानक मंदावू शकते. म्हणूनच एलएफपी गाड्यांना ठरावीक दिवसांनी, अनेकदा आठवड्यातून एकदा, पूर्ण चार्ज करायला उत्पादक सांगतात. तुमच्या गाडीत कोणते सेल आहेत हे विक्रेत्याला विचारा आणि नेमका सल्ला मॅन्युअलमधून घ्या.

गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर दोन्ही प्रकारांना साधारण ५० टक्के बरे. १०० वर नको, तळालाही नको. पार्किंगमध्ये पहारा देणारे कॅमेरे बंद करा.

रेंज घटली असे वाटणे

स्क्रीनवरचे किलोमीटर हा मागच्या प्रवासावरून काढलेला अंदाज असतो. त्यावरून बॅटरी झिजली की नाही हे ठरवू नका. खप पाहा. वापरता येणारी क्षमता ४० युनिट, म्हणजे ४० किलोवॅट-तास आहे असे धरा. किलोमीटरला १५० वॅट-तास लागले तर गाडी सुमारे २६७ किलोमीटर जाते. २०० लागले तर २०० च. बॅटरी तीच, वेग बदललेला. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी ८० वरून ११० वर गेलात की हवेशी झुंजायला दर किलोमीटरला जवळपास १.९ पट ऊर्जा लागते. रेंज ठरवणाऱ्या डब्ल्यूएलटीपी या प्रमाणित चाचणीचा सरासरी वेग ताशी ४६ किलोमीटरच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले की त्या चाचणीतला रेंजचा आकडा महामार्गावर का मिळत नाही ते समजते. त्यात छतावरचे कॅरियर आणि कमी हवा. हवा महिन्यातून एकदा थंड टायरवर तपासा, आणि टायर बदलताना लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. या गाड्या जड असतात.

ब्रेक, पाणी, टोइंग

मोटरच वेग कमी करते म्हणून ब्रेक पॅड वर्षानुवर्षे टिकतात, आणि नेमके त्यामुळेच डिस्क गंजतात. मागे वाहन नसताना अधूनमधून ब्रेक पेडल नीट दाबून गाडी थांबवा. ब्रेक ऑइल ओलावा शोषते, ते मुदतीत बदलायचेच. आणि बॅटरी पूर्ण भरलेली असताना उतार उतरत असाल, तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी नेहमीसारखी आवळली जाणार नाही, कारण वेग कमी करताना मोटरने तयार केलेली वीज ठेवायला जागा नसते. पाय ब्रेकवर तयार ठेवा.

अनेक पॅकना आयपी६७ मानांकन असते, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटांची चाचणी. ती स्थिर, स्वच्छ पाण्यातली असते. पुरात गाडी घालायची ती परवानगी नव्हे. खारे पाणी तर विशेष घातक. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयान चक्रीवादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांनी नंतर पेट घेतला. बुडालेली गाडी सुरू करू नका, चार्जिंगला लावू नका, इमारतीपासून किमान १५ मीटर दूर ठेवा, आणि नारिंगी रंगाच्या केबलना हात लावू नका. तळाला दगड लागला असेल तरी पॅकची तपासणी करून घ्या. जॅक फक्त दिलेल्या जागीच लावा. पॅकच्या कूलंटमध्ये साधे पाणी किंवा मिळेल ते कूलंट ओतू नका.

टो करायची वेळ आली तर सपाट ट्रकवर चढवूनच न्या. चाके फिरली की मोटर फिरते, मोटर फिरली की वीज तयार होते आणि इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते.

चालकाला मदत करणारी यंत्रणा

लेन धरून ठेवणे आणि पुढच्या गाडीप्रमाणे वेग सांभाळणे, या दोन्ही सोयी एकत्र चालू असल्या तरी ती यंत्रणा एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या वर्गीकरणात पातळी २ ठरते. या पातळीवर जबाबदारी पूर्णपणे चालकाची. वेगात असताना पुढे थांबलेले वाहन ही यंत्रणा ओळखेलच असे नाही, आणि मॅन्युअलमध्ये तसा इशारा असतो. पुढची काच बदलली तर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूक जुळवणी, करून घ्यावे लागते. बंपरच्या दुरुस्तीत रडारसमोर पुट्टी किंवा रंगाचा जाड थर बसला, तर रडार आंधळा होतो आणि हे दुरुस्ती करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. त्याला आधीच सांगा.

सॉफ्टवेअर अपडेट निघायच्या घाईत सुरू करू नका. ते चालू असताना बऱ्याच गाड्या चालवता येत नाहीत.

सूचना दिसली तर

आधी स्क्रीनचा फोटो काढा, कारण सूचना नंतर नाहीशी होते. लाल असेल तर सुरक्षित जागी थांबा आणि मदत मागवा. पिवळी असेल तर गाडी बंद करून लॉक करा आणि किल्ली घेऊन पंधरावीस मिनिटे दूर जा. संगणक झोपले की कित्येक तात्पुरत्या त्रुटी निघून जातात. गेली नाही, तर फोन करताना हे सांगा: त्या वेळी बॅटरी किती टक्के होती, बाहेर तापमान किती होते, गाडी धावत होती की चार्जिंगला होती, चार्जर एसी होता की डीसी, आणि गेल्या काही दिवसांत एखादे अपडेट, टायरबदल किंवा बाहेरून बसवलेले उपकरण होते का.