किंचाळणारा ब्रेक

ताम्हिणीला जायच्या आदल्या शनिवारी सायकल उलटी करून गॅलरीत बसलो. चेन कोरडी पडली होती, म्हणून स्प्रेचं तेल भसाभस मारलं. तिथेच घाण केली. संध्याकाळी सोसायटीत चक्कर मारली, तर मागचा ब्रेक असा किंचाळला की वॉचमनकाका खुर्चीतून उठले. बरं, नुसता आवाजच. लिव्हर घट्ट दाबली तरी चाक आपलं फिरतंच.

आधी वाटलं केबल सैल झाली. ती आवळली, फरक शून्य. मग चाक काढून डिस्कवर, म्हणजे ब्रेक चाकाच्या मधल्या ज्या धातूच्या चकतीला पकडतो तिच्यावर, पांढरा टिश्यू फिरवला. तेलकट, करडा डाग! स्प्रेचे तुषार स्पोकमधून थेट तिकडे उडाले होते.

डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड पॉलिश पेपरवर घासले. किंचाळणं कमी झालं, पकड मात्र नाही. पॅडमध्ये मुरलेलं तेल सहसा निघत नाही. काहीजण पॅड गॅसवर भाजतात म्हणे, मी त्या फंदात पडलो नाही. सरळ नवे रेझिन पॅड आणले.

तेही लगेच पकडत नाहीत. रिकाम्या रस्त्यावर वेग घ्यायचा, चाक लॉक न करता जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक दाबायचा, असं 20 वेळा केलं. बाराव्या-तेराव्या वेळी फरक बोटांना कळला.

चेनला आता थेंबाची बाटली. एका कडीला एक थेंब, मग जादा तेल पुसून काढायचं. तेवढा वेळ डिस्कवर दुधाची रिकामी पिशवी.