आत्याचं स्वस्त पेट्रोल आणि माझी चौदा दिवसांची ड्युटी

ओएनजीसीत निवड झाली तेव्हा आत्या म्हणाली, "बरं झालं, आता पेट्रोल स्वस्तात मिळेल!" हा घोळ उमेदवारांचाही असतो. पंप चालवतात त्या इंडियन ऑइल, बीपीसीएल, एचपीसीएल. ओएनजीसी जमिनीखालून, समुद्राखालून तेल आणि वायू काढते. (2018 मध्ये तिने एचपीसीएलमधला सरकारचा 51 टक्के वाटा विकत घेतला, पण कामं वेगळीच राहिली.) अर्ज करताना कोणत्या कामाला जातोय ते आधी बघा.

मी मेकॅनिकलचा. आमच्या वेळी गेट या इंजिनिअरिंगच्या परीक्षेचे गुण आणि मुलाखत; पद्धत बदलते, त्यामुळे दर वेळची जाहिरात वाचा. मुलाखतीत कॅव्हिटेशन (दाब घटल्याने पंपातल्या द्रवात बुडबुडे होऊन फुटणं) विचारलं, ते पाठच होतं. मग मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राबद्दल प्रश्न आला, "बॉम्बे हायमध्ये 1976 पासून उत्पादन चालू आहे. अजून तेल वर येतं कसं?" माझी बोलती बंद.

उत्तर नंतर प्लॅटफॉर्मवर मिळालं. दाब उतरलेल्या विहिरीत वायू सोडून तेल उचलायचं (गॅस लिफ्ट), थरात पाणी दाबायचं, आणि तेलाबरोबर आलेलं पाणी वेगळं करायचं. म्हातारं क्षेत्र सांभाळायचं, असं हे काम. नवा साठा शोधायच्या उमेदीने आलेले काही जण इथे हिरमुसतात.

दुसरा प्रश्न असा की सौदी अरामकोही सरकारी, आपणही सरकारी. मग फरक काय? त्यांचं तेल त्यांच्या पायाखाली आहे. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त आयात करतो, म्हणून ओएनजीसीची परदेशात काम करणारी उपकंपनी, ओएनजीसी विदेश, रशियातल्या सखालिन-1 या तेल-वायू प्रकल्पात 20 टक्के वाटा घेऊन बसली आहे. एवढं तरी वाचून जा.

समुद्रावर पाठवण्याआधी हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं यायचं, ते शिकवतात. केबिनचा सांगाडा तलावात सोडून उलटा करतात. पहिल्यांदा मी घाईने पट्टा सोडला. तरंगलो, आणि वर कुठे, खाली कुठे काही कळेना. पाणबुड्याने ओढून काढलं. एक हात खिडकीच्या कडेवर घट्ट, सांगाडा थांबेपर्यंत दम धरायचा, मगच पट्टा. तिसऱ्या खेपेला जमलं.

चौदा दिवस ड्युटी, चौदा दिवस सुट्टी. जुहूहून हेलिकॉप्टर उठलं की अजूनही माझा हात खिडकीची कड चाचपतो.