दिवाळीच्या फटाक्यांआधी कुत्र्यासाठी करायची तयारी

सगळ्यात आधी व्हेटची वेळ घ्या, तीही दिवाळीच्या निदान तीन आठवडे आधीची. मागच्या वर्षी कुत्रं थरथरत होतं, लाळ गाळत होतं, पलंगाखालून बाहेर येत नव्हतं, तर तसं स्पष्ट सांगा. व्हिडिओ असेल तर दाखवा. ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिनसारखं भीती कमी करणारं औषध डॉक्टर वजन, वय आणि बाकीचे आजार बघून देतात. ते एखाद्या शांत दिवशी एकदा देऊन बघा. किती वेळात लागू पडतं, पाय लटपटतात का, झोप येण्याऐवजी कुत्रं उलट अस्वस्थ होतं का, हे आधी कळायला हवं. प्रत्यक्ष दिवशी पहिल्या फटाक्याच्या साधारण दीड-दोन तास आधी औषध पोटात गेलेलं असावं. भीती चढल्यावर दिलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. नुसत्या एसप्रोमाझिनने (हे गुंगीचं औषध) अंग ढिलं पडतं, भीती मात्र तशीच राहते. कुत्रं गप्प पडलेलं बघून आपल्याला ते शांत झाल्यासारखं वाटतं. म्हणून शेजाऱ्यांनी सांगितलेली गोळी नको. माणसांसाठीचं गॅबापेंटिनचं पातळ औषध तर मनाने अजिबात देऊ नका; काहींत झायलिटॉल नावाचा साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ असतो आणि तो कुत्र्यांना विषारी आहे.

इथे दिवाळीच्या वेळा नीट लक्षात घ्या. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ सगळ्यांच्या लक्षात असते, पण नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानाच्या सुमारास, पहाटे चार-पाचलाच माळा लागतात. त्या दिवशी सकाळचा फेरा उजाडून आवाज ओसरल्यावर काढा. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळचा फेरा पाचच्या आत आटपा आणि जेवणही तेव्हाच द्या, कारण घाबरलेलं कुत्रं खात नाही. दोन्ही एकाच तारखेला आले, तर त्या दिवशी औषध दोनदा चालेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

गळ्यातला पट्टा आताच तपासा. त्याखाली दोनच बोटं सरकली पाहिजेत. सैल असला तर सुतळी बॉम्ब फुटताच कुत्रं मागे हटतं आणि मान सोडवून पळतं. त्या चार दिवसांत पट्टा आणि हार्नेस (छाती-पाठीभोवतीचा पट्टा) दोन्ही घाला, दोन्हींना वेगळी दोरी लावा. हुकाची स्प्रिंग दाबून बघा. फोन नंबर पट्ट्यावरच पक्क्या मार्करने लिहा. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिच्या नोंदीत जुना नंबर राहिला नाही ना, तेही बघा. पाहुण्यांची ये-जा असताना घराच्या मुख्य दाराला आतून कडी हवी.

खोली आतली, कमी खिडक्यांची निवडा. फ्लॅटमध्ये बऱ्याचदा पॅसेज किंवा बाथरूमच सगळ्यात बरी ठरते. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, फटीला गोधडी, पंखा चालू आणि टीव्हीचा आवाज नेहमीपेक्षा थोडा जास्त. पाणी ठेवा, कोपऱ्यात शी-शूसाठी वर्तमानपत्र पसरा. खोलीचं दार मात्र उघडं असू द्या: पिंजऱ्याची सवय नसलेल्या कुत्र्याला कोंडलं तर ते दात-नखं मोडून घेतं. ताटलीत साधं दही पसरून गोठवलं की बराच वेळ चाटत बसायला होतं. जवळ आलं तर खुशाल कुशीत घ्या. त्याने भीती वाढते हा समज चुकीचा आहे. रागावल्याने मात्र नक्की वाढते. कानात कापूस कोंबू नका, तो आत सरकतो.

फराळाचे डबे उंचावर ठेवा. चॉकलेट, मनुके आणि कांदा-लसूण घातलेलं खाणं कुत्र्यांना घातक आहे, आणि तळणीचं पोटभर खाल्लं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पणत्या शेपटीच्या टप्प्याबाहेर हव्यात. भाजलंच तर जखमेवर वीस मिनिटं नळाचं गार पाणी सोडा. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नका आणि लगेच दवाखाना गाठा.

रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी सोसायटीच्या पार्किंगचा एक कोपरा त्या रात्री मोकळा ठेवायला वॉचमनदादांना सांगा, तिथे पाण्याचं भांडं असू द्या. शेपटीला फटाका बांधणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

दुसऱ्या सकाळी कुत्र्याला खाली नेण्याआधी दारापुढचे न फुटलेले फटाके झाडून घ्या, ती दारू पोटात गेली तर विषबाधा होते. आणि औषध संपवू नका. तुळशीच्या लग्नाला आणि ३१ डिसेंबरला पुन्हा लागेल.