ऊन आल्या पावली परत कसं पाठवावं?

काळा शर्ट घालून भर दुपारी उन्हात उभं राहिलेल्या माणसाला परावर्तनाचा धडा वेगळा द्यावा लागत नाही. पृथ्वीचंही तेच. तिच्यावर पडणाऱ्या उन्हापैकी साधारण ३० टक्के ढग, हवा, बर्फ आणि जमीन मिळून अवकाशात परत पाठवतात, उरलेलं मुरतं. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के ऊन परतवतो, कोरडी वाळू ४० टक्क्यांच्या आसपास, गवत २५. नुकताच केलेला डांबरी रस्ता जेमतेम ५. म्हणजे तो खोल समुद्राइतकाच काळा.

या आकड्याला परावर्तकता म्हणतात आणि तो ० ते १ असा मोजतात. छप्पर पांढरं करून तो वाढवला की दोन गोष्टी घडतात. ती जागा कमी तापते, हे उघड आहे. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. कार्बन डायऑक्साइड येणारं ऊन फारसं अडवत नाही. तापलेल्या जमिनीतून निघणारी उष्णता मात्र अडवतो. ऊन मुरलं, त्याची उष्णता झाली, की ती या जाळ्यात सापडते. तेच ऊन प्रकाश असतानाच परत फिरलं, तर बरंचसं आलं तसं निघून जातं. म्हणून पुढे प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा: परत फेकलेला प्रकाश जातो कुठे?

पायरी १: आहे ती परावर्तकता मोजा

अंदाजावर जाऊ नका, डोळा फसवतो. ‘आमची गच्ची पांढरीच आहे’ असं म्हणणाऱ्याने तिच्यावर एक कोरा छपाईचा कागद ठेवून बघावा. काँक्रीट किती करडं झालंय ते लगेच कळतं.

फोनमध्ये प्रकाश मोजणारं ॲप असेल तर आकडाही काढता येतो. आभाळ एकसारखं ढगाळ असेल असा दिवस निवडा, कारण थेट उन्हात बऱ्याच फोनचे सेन्सर कमाल आकड्यावर अडकतात. हात लांब करून फोन गुडघ्याइतक्या उंचीवर आडवा धरा. आधी पडदा आकाशाकडे, मग जमिनीकडे. स्वतःची सावली मोजणीत येऊ देऊ नका. खालच्या आकड्याला वरच्या आकड्याने भागा. वर २०,००० लक्स (प्रकाश मोजायचं एकक) आणि खाली ४,००० आले, तर परावर्तकता ०.२. चार ठिकाणी मोजून सरासरी घ्या.

फोनला फक्त दिसणारा प्रकाश कळतो. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते, तिचा पत्ता या मोजणीत लागत नाही. तरी आधी आणि नंतरची तुलना करायला हा आकडा पुरतो.

पायरी २: जागा निवडा

इथेच बहुतेकांची चूक होते. पांढरं करायला पहिली जागा म्हणजे सपाट, मोकळं, आजूबाजूला उंच इमारती नसलेलं छप्पर. तिथून निघालेला प्रकाश थेट आकाशात जातो. उभी भिंत रंगवली, तर तिच्यावरचं बरंच ऊन रस्त्यावर, समोरच्या खिडकीत आणि चालणाऱ्या माणसाच्या अंगावर पडतं. खाली असलेल्या छपराशेजारी उंच इमारत असेल, तर तिच्या वरच्या मजल्यांनाही झळ आणि चमक सोसावी लागते. तेव्हा रंगाचा डबा उघडण्याआधी शेजाऱ्याशी बोललेलं बरं.

रस्त्यांचं प्रकरण तर आणखी गमतीचं आहे. अमेरिकेतल्या फीनिक्स शहराने २०२० मध्ये काही रस्त्यांवर फिकट लेप दिला. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने मोजमाप केलं, तेव्हा दुपारी रस्त्याचा पृष्ठभाग सरासरी सुमारे ६ अंश सेल्सिअसने थंड निघाला. पण त्यावर उभ्या माणसाच्या अंगावर पडणारी एकूण उष्णता दुपारी जास्त भरली, कारण रस्त्याने परतवलेलं ऊन आधी त्याच्याच अंगावर येत होतं. रस्ता निवला, वाटसरू भाजला. माणसांची वर्दळ असेल तिथे माझं मत सावलीला, म्हणजे झाडालाच.

छपरावर झाडाची सावली पडत असेल, तर ते छप्पर पांढरं करून फारसं हाती लागत नाही. आणि केवळ पांढऱ्या छपरावर ऊन पडावं म्हणून झाड तोडणं हा शुद्ध अविचार.

हिवाळा लांब आणि कडक असेल तिथे आणखी एक हिशेब करावा लागतो. थंडीत छपरातून मिळणारी फुकटची ऊब पांढऱ्या रंगाने थोडी कमी होते. हिवाळ्यात दिवस लहान, सूर्य कलता आणि छपरावर अनेकदा बर्फच असतो, त्यामुळे तोटा वाटतो तितका नसतो. पण वर्षातले बरेच महिने घर तापवावं लागत असेल, तर आधी छपराखाली उष्णतारोधक थर घाला.

पायरी ३: साहित्य ठरवा

चमकतं ते थंड, हा गैरसमज आधी काढून टाका. उघडा चकचकीत पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण शोषलेली थोडी उष्णता बाहेर सोडायला तो फार कंजूष असतो. या गुणाला उत्सर्जकता म्हणतात. पांढऱ्या रंगाची उत्सर्जकता ०.९ च्या आसपास असते, चकचकीत ॲल्युमिनियमची त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी. म्हणून पत्रा तापतच जातो आणि पांढरा रंग दिवसरात्र उष्णता आकाशाकडे सोडत राहतो. डब्यावर दोन्ही आकडे छापलेले असतात का बघा. काही डब्यांवर त्या दोन्हींचा मिळून एक निर्देशांक असतो: ठरावीक काळ्या पृष्ठभागाला ०, ठरावीक पांढऱ्याला १००. नव्या लेपाचा आकडा नेहमीच देखणा असतो. विचारायचं ते तीन वर्षं उन्हापावसात राहिलेल्या लेपाचं.

सर्वात साधा उपाय चुना. ‘चुना लावणे’ या वाक्प्रचाराने त्याची फुकट बदनामी झाली आहे. काँक्रीट, वीट, दगड यांवर तो चांगला बसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कठीण होतो. पावसाने मात्र झिजतो, त्यामुळे दरवर्षी पुन्हा हात द्यावा लागतो. पत्र्यावर तो टिकत नाही.

पत्र्यासाठी किंवा जास्त टिकावू कामासाठी बाहेरच्या वापराचा, ताणला तरी न तडकणारा पांढरा ॲक्रिलिक लेप घ्यावा. घरातल्या भिंतीचा उरलेला रंग छपरावर मारू नका, एका मोसमात पोपडे धरतो. गडद रंगाचीच हौस असेल, तर दिसायला तपकिरी किंवा लाल पण अवरक्त किरण परतवणारे रंगही मिळतात. ते पांढऱ्याची बरोबरी करत नाहीत, पण साध्या गडद रंगापेक्षा कितीतरी बरे.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिउलिन रुआन यांच्या गटाने बेरियम सल्फेट वापरून ९८.१ टक्के ऊन परतवणारा रंग तयार केला. बातम्यांत तो गाजला. छपरासाठी त्याची वाट बघत बसू नका. ०.२ वरून ०.८ वर जाण्यात जो फायदा आहे, त्यापुढे शेवटच्या टप्प्याची कमाई लहान आहे.

पायरी ४: लेप द्या

निम्मं काम झाडूचं असतं. धूळ, शेवाळ, सुटलेले पोपडे खरवडून काढा, पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. पाणी साचतं तिथे आधी निचऱ्याचा उतार दुरुस्त करा, भेगा भरा. पत्रा गंजला असेल तर गंज घासून गंजरोधक प्रायमर मारा. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे मात्र घासू नका, खरवडू नका, जोराच्या फवाऱ्याने धुऊही नका; त्यातले तंतू श्वासात गेले की जिवावर बेततं. ते काम जाणकाराचं.

चुना वापरणार असाल तर आधीच भिजवून मुरलेला घ्या. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो आणि अंगावर उडतो. हातमोजे आणि डोळ्यांना बंद चष्मा हवाच. चुना ताकासारखा पातळ करा, पृष्ठभाग ओलसर करून घ्या आणि ब्रशने पातळ हात द्या. पहिला हात ओला असताना पारदर्शक दिसतो. घाबरून जाड थर चढवू नका, वाळल्यावर पांढरा होतो. दोन ते तीन पातळ हात एका जाड थरापेक्षा जास्त टिकतात.

ॲक्रिलिकचं गणित वेगळं: पृष्ठभाग कोरडा हवा, पुढचे २४ तास पाऊस नको. पहिला हात उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा. तापलेल्या छपरावर रंग मारला तर तो चिकटण्याआधीच सुकतो, म्हणून सकाळी लवकर सुरुवात करा. छपराच्या काठाकडे पाठ करून मागे सरकत काम करू नका, आणि गॉगल लावा. नव्या पांढऱ्या छपराची चमक डोळ्यांत पाणी आणते. ओला लेप घसरडाही असतो. छपरावरचं पावसाचं पाणी पिण्यासाठी साठवत असाल, तर त्यासाठी चालणारा लेप आहे ना याची खात्री करून घ्या.

पायरी ५: फरक तपासा

निरभ्र दुपारी अवरक्त थर्मामीटर घ्या आणि छपराचा एक कोपरा मुद्दाम न रंगवता ठेवला असेल तर दोन्हीकडे रोखा. कडक उन्हात काळं छप्पर सहज ६५ अंशांपर्यंत जातं. पांढरं त्याहून २५ ते ३० अंशांनी थंड राहू शकतं. चकचकीत पत्र्यावर हे यंत्र खोटं बोलतं, फार कमी तापमान दाखवतं. तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजा.

आता जगाच्या हवामानाचा हिशेब, कारण इथे फार मोठी आश्वासनं दिली जातात. १०० चौरस मीटर छप्पर ०.१५ वरून ०.६० वर नेलं आणि दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर ९०० वॅट ऊन पडत असलं, तर सुमारे ४० किलोवॅट जास्त ऊर्जा परत जाते. हशेम अकबरी, सुरबी मेनन आणि आर्थर रोझनफेल्ड या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार एवढं छप्पर पांढरं करणं हे १० टन कार्बन डायऑक्साइडच्या तापवण्याची एकदाच भरपाई करण्यासारखं आहे. एकदाच, दरवर्षी नव्हे.

पण शहरं मिळून पृथ्वीच्या पृष्ठभागाचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग व्यापतात आणि त्यातही छपरं थोडीच. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या विज्ञान संस्थेने २००९ च्या अहवालात शहरं पांढरी करण्याचा उपाय जागतिक परिणामाच्या दृष्टीने कमकुवत आणि महागड्या उपायांत बसवला. त्यामुळे ‘पृथ्वी वाचवण्यासाठी’ छप्पर रंगवू नका. ते स्वतःच्या घरासाठी, वरच्या मजल्यावर झोपणाऱ्यांसाठी, पंखा आणि एसी कमी चालावा यासाठी रंगवा. हा फायदा त्याच दुपारी मिळतो.

अनेकांनी मिळून केलं तर परिसराच्या तापमानात मात्र फरक दिसतो. स्पेनच्या आल्मेरिया प्रांतात हजारो हेक्टर हरितगृहं आहेत आणि उन्हाळ्यात त्यांच्या छतांवर शेतकरी चुना फवारतात, तेही पिकं करपू नयेत एवढ्याचसाठी. १९८३ ते २००६ या काळात आजूबाजूचा प्रदेश तापत असताना तिथली हवा दर दशकाला सुमारे ०.३ अंशाने थंड होत गेल्याची नोंद आहे. पेरूमध्ये एडुआर्डो गोल्ड या संशोधकाने २०१० मध्ये हिमनदी गेलेला डोंगर चुना, पाणी आणि अंड्यातला पांढरा भाग यांच्या मिश्रणाने रंगवायला घेतला होता. कल्पना धाडसी खरी, पण डोंगर दरवर्षी रंगवणार कोण, या प्रश्नाशी ती अडखळते.

पायरी ६: धुवत राहा

छपराचंही त्या डोंगरासारखंच आहे, एकदा रंगवून भागत नाही. धूळ, काजळी आणि शेवाळ पहिल्या एक-दोन वर्षांतच परावर्तकतेचा मोठा लचका तोडतात. रस्त्यालगत किंवा धुराड्याजवळ असाल तर त्याहून लवकर. साध्या पाण्याने आणि मऊ झाडूने धुतलं की बरीचशी परत येते. शेवाळ धरलं असेल तर सौम्य साबण वापरा, तारेचा ब्रश नको. कडक उन्हाळा सुरू होण्याच्या जरा आधी धुणं सर्वात किफायतशीर. धुऊन झाल्यावर पहिल्या पायरीची मोजणी तशाच ढगाळ दिवशी पुन्हा करा आणि आकडा तारखेसह वहीत लिहा. धुऊनही तो ०.५ च्या वर चढत नसेल, तर नव्या हाताची वेळ झाली.