मोटर बंद केली की बोर्ड हँग होतो? या चुका टाळा

"सर, कोड बघा ना, मोटर बंद झाली की नॅनो रिसेट होतोय." हा निरोप महिन्यातून दोनदा तरी येतो, सोबत तीनशे ओळींचा प्रोग्रॅम. (नॅनो म्हणजे आर्डुइनोचा छोटा कंट्रोलर बोर्ड.) मी प्रोग्रॅम उघडत नाही. आधी वायरिंगचा फोटो मागवतो.

बहुतेक वेळा कॉइलवर डायोडच (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसतो. रिले (कॉइलने चालणारा स्विच) असो की १२ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (कॉइलने उघडणारा पाण्याचा व्हॉल्व्ह), कॉइलचा करंट एकदम तोडला की ती शेकडो व्होल्टचा उलटा झटका देते. १एन४००७ डायोड चहापेक्षा स्वस्त पडतो. तो कॉइलच्या टोकांशीच लावा, पट्टी प्लसकडे. उलटा लावलात तर कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर गेलाच. २४ व्होल्ट एसी व्हॉल्व्हला मात्र डायोड चालत नाही, तिथे एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) लावा.

पण डायोड लावला म्हणजे काम झालं, ही चूक त्याहून महागात पडते. तो फक्त रिलेच्या कॉइलपुरता असतो. रिलेच्या कॉन्टॅक्टच्या (स्विचच्या टोकांच्या) पलीकडे काय जोडलंय, त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

हे मला एका द्राक्षबागेत कळलं. ठिबकच्या मोटरसाठी नॅनोवर टायमर केला होता. रिले स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची (मोटर चालवणाऱ्या मोठ्या रिलेची) २३० व्होल्टची कॉइल चालू-बंद करायचा. घरी टेबलावर दोनशे वेळा रिले वाजवला, एकदाही अडला नाही. शेतात मोटर चालू होताना सगळं ठीक, बंद होताना एलसीडीवर भलतीच अक्षरं. प्रोग्रॅम आत नीट चालू होता, फक्त डिस्प्ले बिघडायचा. दोन रात्री मी कोडमध्ये फेरफार करत बसलो. तिसऱ्या रात्री पंपघरातला दिवा मालवला आणि रिलेच्या पारदर्शक कव्हरकडे बघत राहिलो. कॉन्टॅक्ट सुटताना आत निळी ठिणगी लखकन चमकली आणि त्याच क्षणी डिस्प्ले गेला. घरी टेबलावर रिलेला लोडच नव्हता, मग ठिणगी कुठून पडणार?

मेन स्विच पाडून कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर (झटका शमवणारी जोडी) लावला: १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (मेन्सवर लावायच्या प्रकारचा) कपॅसिटर, सिरीजमध्ये. त्यानंतर डिस्प्ले बिघडला नाही. स्नबर रिलेच्या कॉन्टॅक्टवर लावणारेही आहेत, पण मग रिले बंद असतानाही ७ मिलीअँपच्या आसपास करंट वाहत राहतो आणि छोटा कॉन्टॅक्टर नीट सुटत नाही. म्हणून मी कॉइलवरच लावतो.

ऑप्टोकपलरवालं (सिग्नल प्रकाशातून पाठवणारं) रिले मॉड्यूल घेऊन जेडी-व्हीसीसीचा (रिलेच्या सप्लायच्या पिनचा) जंपर तसाच ठेवणं, म्हणजे पैसे देऊन घेतलेलं आयसोलेशन स्वतःच्या हाताने मोडणं. जंपर काढा, रिलेला वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय द्या आणि त्याचा ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडू नका.

सेन्सरची वायर मोटरच्या वायरीसोबत एकाच पाइपातून नेऊ नका. आयसीच्या पायाशी १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर हवाच. ब्रेडबोर्ड शेतात नेऊ नका.

आता वॉचडॉगबद्दल. "वॉचडॉग लावा, अडकलं तर आपोआप रिसेट होईल," हा सल्ला नवीन मुलांना फार आवडतो, कारण त्यात सोल्डरिंग करावं लागत नाही. मला तो पटत नाही. रिसेट झाला की कोणता व्हॉल्व्ह किती वेळ उघडा होता हे बोर्ड विसरतो आणि एका ओळीला दुप्पट पाणी जातं. वॉचडॉग मीही लावतो, पण ठिणगी विझवल्यावर.

काम सोपवण्याआधी मी खरी मोटर जोडून पन्नास वेळा चालू-बंद करतो. शेजारी सेलवरचा जुना एएम रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून ठेवतो. मोटर बंद होताना रेडिओ जोरात कडकडला, तर बॉक्स पुन्हा उघडतो.